दुरडीएवढं राज्य

आम्ही दोघी जावा एके काळी प्रसिद्ध होतो, हे आता सांगितलं तर नातवंडं एकमेकांकडे बघतात. त्यांच्या लेखी प्रसिद्ध म्हणजे टीव्हीवर दिसणारी माणसं. आमचा तर साधा फोटो कुणी काढला नव्हता. पण मी एकदा कोपरगावच्या बाजारात बांगड्या भरायला बसले, तर कासारीण माझा हात तसाच धरून म्हणाली, "तुमी त्या रुखवतवाल्या जावा ना? त्यातली धाकटी?" आणि बांगड्या राहिल्या बाजूला, तिने शेजारच्या दुकानातल्या बायकांना हाका मारल्या. याला प्रसिद्धी नाही तर काय म्हणायचं, ते माझ्या नातवंडांनी मला सांगावं.

हल्ली रुखवत म्हणजे टेबलावर मांडलेली भांडी आणि लोकरीचे ससे. तेव्हा तसं नव्हतं. आमच्या भागात नवरीकडच्या बायका फराळाच्या झाकलेल्या दुरड्या डोक्यावर घेऊन, पुढे वाजंत्री लावून, जानवसघरी जायच्या. जानवसघर म्हणजे वऱ्हाड उतरलेलं घर. तिथे दुरड्या ओळीने मांडायच्या, पण वरचं फडकं उगाच उचलायचं नाही. आधी आमच्याकडच्या बाईने दोन ओळी म्हणायच्या, त्यात समोरच्यांची भरपूर टिंगल. मग त्यांच्या बाईने तशाच दोन ओळींत उत्तर द्यायचं. उत्तर आलं की एक दुरडी उघडायची. असं करत करत शेवटच्या दुरडीपर्यंत जायचं, तिला मात्र शेवटचं उत्तर पुन्हा नवरीकडच्यांनी द्यायचं, आणि जिला मध्येच उत्तर सुचलं नाही तिची बाजू हरली. यात पाटील असो की मामलेदार, कुणालाही काहीही बोलायची मुभा होती. नियम एकच, दुरडीपाशी बोललेलं कुणी मनात धरून घरी न्यायचं नाही.

माझी जाऊ नगरच्या पलीकडच्या कोरडवाहू भागातली. उंच, सडपातळ, आणि घरात एवढी गप्प की मी लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं, हिला बोलता येत नसावं. पदर कपाळाच्या खाली, मान त्याहून खाली. सासरे दारात येताना खोकायचे. तो खोकला म्हणजे सुनांनी बाजूला व्हावं म्हणून दिलेली सूचना. जाऊ तो खोकला ऐकून अशी नाहीशी व्हायची की चूल आपोआप पेटली असं वाटावं.

मग तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. रुखवत म्हणणारी तिकडची म्हातारी ऐन वेळी खोकल्याने बेजार. दुरड्या मांडलेल्या, समोर वऱ्हाडाच्या बायका हसायला लागलेल्या, आमच्याकडे सगळ्यांची तोंडं शिवलेली. नवऱ्याची आई चांगली भरभक्कम बाई, सतरंजीच्या मधोमध बसली होती. माझ्या मागून एक खणखणीत आवाज आला:

"आलं आलं रुखवत, त्यात हाय करंजी,
ईनबाई टेकल्या अन् फाटली सतरंजी."

मी वळून बघितलं तर आमची जाऊ. पदर खांद्यावर, मान ताठ. पहिली हसली ती स्वतः ईनबाई. अशी हसली की सतरंजी खरंच फाटते की काय अशी मला धास्ती वाटली. मला त्या हसण्याने चेव आला आणि पुढच्या दुरडीला मी तोंड उघडलं. समोर मुलाचा बाप होता, मिशा कानापर्यंत गेलेल्या. मी म्हटलं:

"आलं आलं रुखवत, दुरडीत हायेत पापड,
व्याह्यांच्या मिशीवर वाळत घाला कापड."

झालं. तिथून आमची जोडी जमली.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तर आम्हाला उसंत नव्हती. दुष्काळात थांबवलेली लग्नं सगळ्यांनी एकदमच उरकायला काढली. नात्यातल्यांची बोलावणी आली, मग नात्याच्या नात्यातल्यांची, मग ज्यांचं नातं जोडायला आमच्या सासूबाईंना बोटांवर मोजत बसावं लागे अशांची. एका लग्नाला तर दोन्ही बाजूंनी आमच्यासाठी बैलगाडी पाठवली. नवरीकडची गाडी दारात आणि नवऱ्याकडची तिच्या मागे, गाडीवान एकमेकांवर डोळे काढून उभे. एक म्हणाला, एक एक वाटून घेऊ. जाऊ तेव्हा एवढंच म्हणाली, "आमी काय आंबं हाय का वाटून घ्यायला? दोघी एकाच गाडीत बसू." आणि नवरीकडच्या गाडीत जाऊन बसली.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या कधी आल्या नाहीत. आम्ही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "म्हशी कोन बघंल?" आम्हाला मात्र जाऊ द्यायच्या, कारण लग्नघरचं बोलावणं मोडणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. आम्ही येताना फडक्यात बांधून बुंदी आणायचो. त्या ती उभ्या उभ्या खायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या, "पानी कसं हुतं तिथलं?" मचूळ होतं, गोड होतं, जड होतं, जे असेल ते आम्ही सांगायचो. रुखवत कसं झालं हे त्यांनी कधी विचारलं नाही.

आमच्या गप्पा व्हायच्या त्या एसटीत. घरात दोन सुनांनी हसत बसणं म्हणजे कामाला वेळ उरलाय असा अर्थ निघे, त्यामुळे सगळं बोलणं आम्ही प्रवासासाठी राखून ठेवायचो. जग बघितल्यासारखं आम्ही बोलायचो, आणि आमचं जग म्हणजे काय? ज्या गावाला जायचो तिथला मांडव, चुलवण, पाण्याचा रांजण आणि बायकांच्या रांगा. गावातलं देऊळसुद्धा कधी बघायला मिळालं नाही. पण बायका कशा हसतात ते आम्हाला तालुकावार ठाऊक होतं. कोपरगावकडच्या बायका ओळ पुरी व्हायच्या आत हसतात, मग शेवटचा शब्द वाया जातो. नगर शहरातल्या हसतात, पण आधी शेजारणीकडे बघून. डोंगराकडच्या बायका आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या एका लग्नात भेटल्या होत्या, त्या पदर तोंडात कोंबून बसतात आणि तुम्ही पुढच्या दुरडीवर गेलात की मागच्या दुरडीचं हसू बाहेर येतं.

"धाकले," जाऊ एकदा खिडकीतून बघत म्हणाली, "आपल्याला एवढी मानसं वळखत्यात, पर माझं नाव काय ते कुनालाच ठावं न्हाई."

"मला तरी कुठं कुणी विचारलंय?" मी म्हटलं. "मी धाकटी आणि तुम्ही थोरल्या."

"बरं हाय ते. नाव झालं आसतं तर मामंजींनी घरी बसवलं आसतं."

मी तिला विचारलं, मांडवात एवढं बोलता, मग घरात का नाही बोलत? घरात मीही फार बोलत नव्हते, पण माझा गप्पपणा निदान अधूनमधून फुटायचा, त्याबद्दल बोलणी बसायची आणि मी धुसफुसत भांडी आपटायची. तिचा कधीच फुटला नाही.

"घरात बोललं का म्हनत्यात तोंड वर करून बोलली," जाऊ म्हणाली. "मांडवात त्येच बोललं का म्हनत्यात, वा. माझं राज्य एवढंच हाय बघ, दुरडीएवढं. पर हाय ते माझं हाय."

त्याच उन्हाळ्यात आमच्या नणंदेचं लग्न ठरलं. मुलगा नगरचा, नागापूरच्या कारखान्यात कामाला. कारखान्याने त्याला शिकायला सहा महिने जर्मनीला पाठवलेलं, आणि तो तिकडून धडधाकट परत आलेला. वडील नव्हते, आई शाळेत शिकवायची. आमच्या गावात याआधी जर्मनची फक्त भांडी आली होती, म्हणजे ॲल्युमिनियमची, जर्मन नुसती नावाची. त्यामुळे जावई बघायला गाव लोटलं. आम्ही दोघी तर हरखून गेलो. जाऊ चुलीपुढे बसून स्वतःशीच पुटपुटायला लागली, म्हणजे ओळी जुळवायला लागली. जर्मनीवर किती दुरड्या होतील याचा आमचा हिशोब सुरू झाला.

आणि तेवढ्यात मध्यस्थ निरोप घेऊन आला. बाकी काही मागणं नाही, मानपान नको, हुंडा नको. फक्त रुखवतात बोलू नये. तुमच्या सुनांची कीर्ती नगरपर्यंत आलेली आहे, तेवढं त्यांना गप्प ठेवा.

आत्याबाईंना हे फार लागलं. एवढं चांगलं स्थळ, काही न मागणारं, आणि मागून मागितलं काय तर आपल्या सुनांची तोंडं बंद. मध्यस्थ गेल्यावर त्यांनी आम्हाला समोर उभं केलं. "ऐकलं न्हवं? पोरीच्या लग्नाआधी तुमची जीभ जाऊन पोचली. लगीन पार पडूं द्या. त्याच्यानंतर हे गावोगाव फिरनं बंद. कुनाचं बी बोलावनं येऊं द्या."

मी काहीतरी बोलणार होते, पण ओसरीवर सासरे खोकले. जाऊने मान खाली घातली आणि पाण्याची घागर उचलली. रडली नाही. पण त्या दिवसापासून तिचं चुलीपुढचं पुटपुटणं थांबलं, आणि ते मला रडण्याहून वाईट वाटलं. माझा राग तर अनावर झाला होता. नगरच्या त्या मास्तरीणबाईंचा मला एवढा राग आला की त्यांच्यासाठी करायच्या सांजोऱ्या मी मुद्दाम लहान लाटल्या.

लग्नाच्या दिवशी सकाळी वऱ्हाड आलं. जानवसघर म्हणजे आमच्या चुलत सासऱ्यांचं घर. चहाची किटली घेऊन आम्ही दोघी गेलो. वऱ्हाड बेताचं, बायका तर मोजक्याच, त्याही कारखान्याच्या वसाहतीतल्या शेजारणी, कुणी कुठली कुणी कुठली. नवऱ्याची आई खिडकीशी बसली होती. बारीक चणीची, चष्मा लावलेली बाई. मी कपातला चहा बशीत सांडेल असा आपटला. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "त्या दोघी तुम्हीच का?"

"आम्हीच," मी म्हटलं. "पण आज आम्ही मुक्या."

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "रागावलात," त्या म्हणाल्या. "रागवायलाच हवं. पण माझं ऐकून घ्या. माझ्या लग्नात आमच्याकडे बोलणारी कुणी नव्हती. माझी आई एकटी. समोरून ओळीमागून ओळी येत होत्या आणि ती नुसती उभी होती. सगळा मांडव हसत होता. ती घरी गेल्यावर मला म्हणाली, काही नाही गं, गंमत असते. पण तिचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. आज मी तिच्या जागी आहे. या सगळ्या शेजारणी आहेत, चांगल्या आहेत, पण उत्तर द्यायला यातली एकही नाही. मला ऐकायला आवडतं हो. मला फक्त तसं उभं राहायचं नव्हतं."

माझा राग तिथल्या तिथे विरघळला. लहान लाटलेल्या सांजोऱ्या आठवून मलाच ओशाळं वाटलं. एवढी गावं फिरलो, एवढे मांडव हसवले, पण समोर उत्तर नसलेली बाई उभी असेल तर ती घरी काय घेऊन जात असेल, हा विचार आम्ही कधी केला नव्हता.

जाऊ किटली हातात धरून उभी होती. ती म्हणाली, "मी येते की तुमच्याकडून."

"म्हणजे?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"तुमच्या बाजूनं मी बोलते. ही धाकटी नवरीकडून बोलंल. हिला उत्तर मी देईन. मंग तर झालं?"

वाटून घ्यायला आम्ही काय आंबे आहोत का, असं म्हणणारी हीच. पण मास्तरीणबाईंचा चेहरा असा उजळला की मी जाऊच्या हातातली किटली माझ्याकडे घेतली. त्या तशाच उठल्या, चपला पायात अडकवल्या आणि आमच्या घरी आत्याबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "विहीणबाई, मी रुखवतात बोलू नका म्हटलं होतं ते मागे घेते. पण एक मागणं आहे. तुमची थोरली सून आम्हाला घटकाभर द्या."

आत्याबाई गोंधळल्या. "पोरगी देतोयच की. सून बी मागता?"

पण लग्नाच्या दिवशी नवऱ्याच्या आईला नाही कोण म्हणणार? आत्याबाई म्हणाल्या, "न्या." आणि मग, कधी नाही ते, स्वतः दुरड्यांबरोबर निघाल्या. लेकीचं रुखवत म्हटल्यावर त्यांना यावंच लागलं. म्हशींकडे त्या दिवशी गडी होता.

जानवसघरात दुरड्या मांडल्या. नवरदेव पाटावर बसला, सुटाबुटात आणि घामाघूम. एका बाजूला मी, मागे आमच्या घरच्या आणि गावच्या बायका, त्यांच्यात आत्याबाई. दुसऱ्या बाजूला वसाहतीतल्या शेजारणी आणि त्यांच्या पुढे आमची जाऊ, मास्तरीणबाईंच्या खांद्याला खांदा लावून. पुरुष दाराशी गर्दी करून होते, त्यांत सासरेही. जाऊला पलीकडे बघून गावच्या बायका कुजबुजायला लागल्या. मी सुरुवात केली:

"आलं आलं रुखवत, लाडवात घातली खसखस,
विमानात बसून जावई पुसतात, येवल्याला थांबंल का बस?"

हशा झाला. नवरदेवही हसला, आणि हसता हसता म्हणाला, "पहिल्यांदा बसलो तेव्हा खरंच असं काहीतरी विचारलं होतं." मग तर बायका लोळायच्याच राहिल्या. आता सगळे जाऊकडे बघायला लागले. तिने पदर खांद्यावर घेतला.

"बघितलं बघितलं रुखवत, तूप हाय साजूक,
सुनंच्या ताटात पडंना कदी, सासूचं मन नाजूक."

गावच्या बायकांनी आधी श्वास रोखला, मग तो एकदम सोडला. कारण आत्याबाईंचं तूप सगळ्या गावाला माहीत होतं. मी मागे वळून बघायचं धाडस केलं नाही. दुरडी उघडली आणि पुढची ओळ टाकली, नवरदेवाच्या बुटांवर. जाऊचं उत्तर तयारच होतं:

"बघितलं बघितलं रुखवत, चकलीला हाय काटा,
मामंजी नुसतं खोकले तरी बाया शोधत्यात वाटा."

दाराशी पुरुषांमध्ये हास्याचा असा स्फोट झाला की वाजंत्रीवाले दचकून वाजवायला लागले. सासऱ्यांना नेमका त्याच वेळी खोकला आला. खराखुरा आला की सवयीने, देव जाणे, पण दाबता दाबता त्यांचा चेहरा लाल झाला आणि शेवटी ते खोकलेच. त्यावर मास्तरीणबाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. सकाळची ती भ्यालेली बाई कुठे गेली कळेना. त्या जाऊच्या पाठीवर थाप मारून म्हणत होत्या, "अजून म्हणा, अजून म्हणा."

मला सुद्धा असा आनंद कधी झाला नव्हता. इतकी वर्षं आम्ही एका बाजूने बोललो, त्यामुळे जाऊचा मारा समोरून कसा लागतो ते मला ठाऊकच नव्हतं. एक ओळ माझ्यावरही आली, मी रागावले की भांडी कशी आपटते त्यावर. अगदी बरोबर होती. मी हसत होते, उत्तरं देत होते, दुरड्या उघडत होते. आणि शेवटची दुरडी उरली. विड्याच्या पानांची.

मी काहीतरी साधंसं म्हटलं, आता आठवत नाही. मला वाटलं शेवट गोड होईल, जाऊ नवरा-नवरीला आशीर्वादाचं काही बोलेल. दारावर आंब्याचं तोरण होतं, तिकडे तिने बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली:

"बघितलं बघितलं रुखवत, दारी तोरण पानांचं,
साऱ्या मुलखानं ऐकलं मला, घर माझं बिनकानांचं."

इतका वेळ ती मुलाकडची बाई होती. या ओळीत ती आमच्या घरची थोरली सून झाली. हसायला तोंड उघडलेल्या बायकांनी ते मिटलं. उत्तर द्यायची पाळी माझी होती. आमच्या घराची बाजू मला घ्यायची होती, आणि रुखवतात आजवर मला शब्द कधी कमी पडला नव्हता. मी तोंड उघडलं आणि काही सुचेना. खोटं बोलायला हरकत नव्हती, रुखवतात खोटं चालतं. पण मीही त्याच घरात राहत होते. मी तशीच उभी राहिले.

मागून आत्याबाईंचा आवाज आला. "खरं हाय ते."

मी वळले. त्या बायकांतून पुढे येत होत्या, सावकाश, कारण गुडघे दुखायचे त्यांचे. माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि जाऊकडे बघून म्हणाल्या, "उत्तर न्हाई आमच्याकं. हरलो आमी." मग स्वतः वाकून त्यांनी शेवटच्या दुरडीवरचं फडकं काढलं.

नियमाप्रमाणे मुलाकडचे जिंकले. शेजारणींनी आरडाओरडा केला. मास्तरीणबाईंनी विडा उचलला, तो आधी जाऊच्या तोंडात भरवला. जाऊने तो गालात धरला आणि आत्याबाईंच्या हातातलं फडकं घेऊन त्याची घडी घातली.

लग्न झालं, नणंद नगरला गेली. घरात कुणी त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नाही. दुरडीपाशी बोललेलं घरी न्यायचं नाही हा नियम आत्याबाई कडक पाळत होत्या, आणि आम्हाला मात्र तीच धाकधूक. तूप एकदा ताटात पडलं, पण तूप पडलं म्हणजे फिरणं सुरू राहिलं असा अर्थ होतो की नाही, हे कुणाला विचारणार? मग पावसाच्या तोंडाशी एक माणूस बोलावणं घेऊन आला, थेट राजूरहून. मास्तरीणबाईंची एक शेजारीण तिकडची, तिच्या भाचीचं लग्न. त्या दोघी जावांना पाठवाच, असं आग्रहाचं सांगणं.

जाऊ चुलीपुढे, मी जात्यापाशी. त्या माणसाला गुळपाणी दिलं. आत्याबाईंनी दाराच्या चौकटीला हात लावून विचारलं, "म्हशी कोन बघंल?"

मी समजले, संपलं. जाऊ हळूच म्हणाली, "आमी न्हाई जात, आत्याबाई."

"तसं न्हाई," त्या म्हणाल्या. "आपन तिघी गेलो तर म्हशी कोन बघंल, त्ये इचारते."

ओसरीवर सासरे खोकले.

"नुसतं खोकून म्हशी दूध देत न्हाईत," आत्याबाई तिकडे तोंड करून म्हणाल्या. "धार काढावी लागती."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघायच्या भानगडीत पडलो नाही. बघितलं असतं तर तिथेच हसू फुटलं असतं.

एसटीत आत्याबाईंना खिडकी दिली. संगमनेरपर्यंत त्या मांडीवर पिशवी धरून ताठ बसल्या होत्या, अकोल्याच्या पुढे डोंगर सुरू झाले तेव्हा त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हातांनी खिडकीचा गज धरला. गाडी वळली की त्या आम्हाला म्हणायच्या, "अगं बघा की." आम्ही बघायचो. राजूरला उतरल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते रांजणातलं पाणी पिण्याचं. दोन घोट तोंडात घोळवले आणि म्हणाल्या, "हलकं हाय."

मांडवात बायका आमच्याभोवती गोळा झाल्या. ही थोरली, ही धाकटी, अशी ओळख पटवून झाली. मग लग्नघरच्या एका म्हातारीने आमच्या मागे उभ्या असलेल्या आत्याबाईंकडे बोट करून विचारलं, "आन या कोन?"

जाऊने सांगायला तोंड उघडलं, पण आत्याबाईंनी तिला हाताने मागे सारलं आणि पदर सारखा करून पुढे झाल्या.

"मी व्हय?" त्या म्हणाल्या. "यांच्या रुखवतातली सासू ती मीच."